मोजा आम्हाला, पण पाळत नको

दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन बसवत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आपल्या घरी लपवाले हाये तरी काय?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. "सगळेच बसवतात आता" असं काहीतरी पुटपुटले. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण हाच प्रश्न मी दोन-तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या तोंडून, जरा वेगळ्या सुरात ऐकला होता.

झालं होतं असं. आपल्याच मंडळींनी गावोगाव फिरून पालकांच्या सह्या गोळा केल्या. मागणी साधी होती: ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्यांच्या पोरांना शाळेत मराठी निदान एक विषय म्हणून तरी शिकवावी. कागदावर नाव, गाव, मोबाइल नंबर, सही. सगळं व्यवस्थित. मग कुणीतरी उत्साहात त्या कागदांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, "आजची कमाई" म्हणून. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर लोक. फोटो तिथून पुढे कुठे कुठे गेला ते कुणालाच सांगता येत नाही. आठवडाभरात पालकांना फोन यायला लागले. काही कर्जवाल्यांचे, काही क्लासवाल्यांचे. आणि काही असे: "तुम्ही लोक जिल्हा महाराष्ट्रात न्याले निघाले का?" एक काका कंत्राटावर नोकरी करतात. ते घरी आले आणि म्हणाले, पोरी, माझं नाव खोड. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "ऑफिसात विचारते लोक, की तुमचं काय चालू हाये."

त्या काकांकडे लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पोरगी तिसरीत आहे, तिला आजीची भाषा वाचता यावी एवढंच त्यांना हवं होतं. आणि ही मागणी काही चोरीची नाही. घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये लिहिलंय की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं, म्हणजे ज्या वर्षी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या त्याच वर्षी. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर आपली राजधानी राहिली नाही. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, शेजारचा भंडाराही गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गंमत म्हणजे १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा तयार झाला तेव्हा त्यात भंडाऱ्याचाच एक तुकडा होता. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता खरं सांगायचं तर व्हीपीएनने त्या काकांचं काही वाचलं नसतं. यादी फुटली ती आपल्याच हातून. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्या ग्रुपवर हल्ली "सगळ्यांनी व्हीपीएन टाका, मग कुणी ट्रॅक करू शकत नाही" असे मेसेज फिरतात. ते अर्धवट आहेत.

व्हीपीएन करतं काय? समजा बालाघाटहून तुम्हाला कुणाला पत्र पाठवायचंय, पण कुणाला पाठवताय ते इथल्या पोस्टमनला कळू द्यायचं नाही. तुम्ही ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालता आणि गोंदियाच्या मावशीला पाठवता. मावशी बाहेरचं पाकीट फाडते आणि आतलं पाकीट गोंदियाच्या पोस्टात टाकते. इथल्या पोस्टमनला एवढंच कळतं की या घरातून मावशीला लई पत्रं जातात. ज्याला पत्र मिळतं त्याला शिक्का गोंदियाचा दिसतो. उत्तरही मावशीकडूनच फिरून येतं. आतलं पाकीट चिकटवलेलं असेल तर मजकूर मावशीलाही वाचता येत नाही. हे चिकटवणं म्हणजे एचटीटीपीएस, पत्त्याच्या पट्टीत दिसतं ते, आणि आज बहुतेक साइटवर ते असतंच. पण कुणाकुणाला पत्रं गेली, किती वाजता गेली, हे मावशीला सगळं माहीत.

म्हणजे पाळत ठेवू शकणारा माणूस नाहीसा होत नाही, बदलतो. आधी तो इंटरनेट देणारा होता. छोट्या गावात तर तो बाबांना नावाने ओळखणारा केबलवालाच असतो. आता ती मावशी झाली. म्हणून व्हीपीएन घेताना पहिला प्रश्न "स्पीड किती" हा नाही, मावशी कोण हा आहे.

फुकटच्या मावश्यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचं मोफत व्हीपीएन ॲप "तुमचं संरक्षण करतो" म्हणायचं आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला द्यायचं. २०१८ मध्ये ॲपलने त्याला आपल्या स्टोअरमधून बाहेर काढलं, पुढच्या वर्षी फेसबुकने ते गुंडाळलं. होला नावाचं दुसरं फुकट व्हीपीएन २०१५ मध्ये उघडं पडलं. ते वापरणाऱ्यांच्याच घरच्या कनेक्शनमधून परक्या लोकांची ये-जा होत होती, आणि ती वाट दुसऱ्या नावाने विकलीही जात होती. म्हणजे तुमच्या आयपीवरून कोण काय करून गेलं, आणि उद्या विचारपूस आली तर दार तुमचंच वाजणार. सीमेवरच्या जिल्ह्यात, आणि तेही ज्याच्या नावापुढे वर्षानुवर्षे "नक्षलग्रस्त" लागलं अशा जिल्ह्यात, हे परवडणारं नाही.

फुकटातलं सगळंच वाईट असं नाही. काही कंपन्या पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर मर्यादित मोफत सेवा देतात. प्रोटॉन व्हीपीएन त्यातलं एक. देश निवडता येत नाही, पण डेटाची मर्यादा नाही आणि प्रोग्रामचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. मी तेच घेतलं, कारण महिन्याला पैसे भरणं मला शक्य नाही. ही जाहिरात नव्हे. वर्षभराने मालक बदलला तर मीही बदलेन.

बसवायला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं आमचं जुनं मशीन चालू व्हायला. आमच्याकडे विंडोज १० होतं, आणि त्याला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. हे व्हीपीएनपेक्षा मोठं भोक आहे. मागचं दार उघडं ठेवून पुढच्या दाराला दोन कुलपं लावल्यासारखं. म्हणून आधी जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं. बाबांना फक्त गाणी आणि मेल लागतात, त्यांना फरकही कळला नाही. मग प्रोग्राम कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून उतरवला. "क्रॅक" केलेलं व्हीपीएन पेनड्राइव्हवर घेऊन फिरणारे मित्र सगळ्यांना असतात, त्यांच्याकडून चहा घ्यावा, प्रोग्राम घेऊ नये. प्रोटोकॉल विचारला तिथे वायरगार्ड ठेवलं. ते हलकं आहे, जुन्या मशीनवर आणि आमच्याकडच्या नेटवर चालतं. "किल स्विच" नावाचं बटण चालू केलं. वीज गेली, राऊटर बंद पडला, व्हीपीएन तुटलं, तर हे बटण सगळं इंटरनेटच थांबवतं, नाहीतर मशीन गुपचूप जुन्या उघड्या रस्त्याने जायला लागतं. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे हे बटण विसरू नका.

मग तपासलं. आधी व्हीपीएन बंद ठेवून आपला आयपी पत्ता कुठला दिसतो ते पाहिलं, मग चालू करून पाहिलं. पत्ता बदलला. पण तेवढ्यावर थांबू नये. कॉम्प्युटर साइटचं नाव घेऊन तिचा नंबर कुणाला विचारतो, म्हणजे डीएनएस, तेही बघावं लागतं. ही विचारणा अजून जुन्याच कंपनीकडे जात असेल तर इथल्या पोस्टमनला सगळे पत्ते तोंडी सांगून मग मावशीकडे पाकीट पाठवण्यासारखं आहे. "डीएनएस लीक टेस्ट" असं शोधलं की तपासणाऱ्या साइट मिळतात.

एक गंमत सांगते. व्हीपीएन नसताना साइटना वाटतं आम्ही जबलपूरला नाहीतर भोपाळला आहोत, आणि त्या हिंदीत जाहिराती दाखवतात. व्हीपीएन लावल्यावर आम्ही नेदरलँड्समध्ये पोचलो आणि डच भाषेतल्या जाहिराती सुरू झाल्या. मराठीत मात्र दोन्हीकडून कुणी बोललं नाही. मशीनच्या हिशेबात जागा ठरली की भाषा ठरली. हे नवीन नाही म्हणा. जनगणनेच्या तक्त्यात पोवारीही हिंदीच्याच खाली मोजली गेली. रजेगावच्या पुलावर, बाघ नदी ओलांडताना फोन कधी या सर्कलचा टॉवर पकडतो कधी त्या. माणूस तोच, पिशवीतली भाजी तीच.

व्हीपीएन कशाला उपयोगी नाही हेही नीट ऐका. तुम्ही जीमेलमध्ये लॉगिन असाल तर गूगलला तुम्ही कोण ते माहीत आहेच, नेदरलँड्समधून आलात तरी. फेसबुकवर स्वतःच्या नावाने लिहिलंत तर ते तुमच्याच नावावर. व्हॉट्सॲपला तुमचा नंबर माहीत आहे, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकालाही. ब्राउझरची "इनकॉग्निटो" खिडकी तर याहून कमी कामाची. तिने फक्त तुमच्या मशीनवरची हिस्टरी राहत नाही. आणि सरकारी कामाच्या किंवा बँकेच्या साइटवर जाताना मी व्हीपीएन बंद करते. एका पोर्टलने परदेशी पत्ता बघून दारच उघडलं नाही, आणि बँकेने संशयाने खातं अडकवलं तर बालाघाटात बसून कस्टमर केअरशी भांडायची माझी तयारी नाही.

मग बसवलं कशाला? याचं उत्तर बाबांना मी नंतर दिलं. म्हटलं, "तुम्ही मतदानाला जाता तेव्हा पुठ्ठ्याच्या आड जाऊन बटण दाबता. तिथं काय लपवता? सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे तुम्ही कुणाला मत देता." बाबा हसले. म्हणाले, "ते वेगळं." वेगळं नाही. तो पुठ्ठा बाबांसाठी नाहीच. तो त्या माणसासाठी आहे ज्याचा मालक, ज्याचा सरपंच, ज्याचा सावकार बाहेर उभा आहे. पण तो त्याच्या कामी यायचा असेल तर पुठ्ठा सगळ्यांनाच हवा. फक्त घाबरणाराच आड गेला, तर आड जाणं हाच पुरावा होईल. व्हीपीएनचंही तसंच आहे. ज्यांना काही लपवायचं नाही अशा पुष्कळ घरांत ते असलं, तर ज्याला खरंच गरज आहे तो वेगळा उठून दिसत नाही.

आणि कायदा काय म्हणतो? भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि हात गरजेपुरताच घालायचा. म्हणजे "लपवायला काय आहे" हे नागरिकाने सांगायचं नाही, "बघायला काय हवंय" हे सरकारने सांगायचं. राज्यशास्त्राच्या परीक्षेत हे दहा मार्कांना येतं, गावात ते एक मार्कालाही कुणी सांगत नाही.

पण त्यानंतर २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, निर्देश काढले. व्हीपीएन देणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेला आयपी आणि व्हीपीएन कशासाठी घेतोय ते कारणसुद्धा नोंदवायचं आणि गिऱ्हाईक सोडून गेल्यावरही ही नोंद पाच वर्षं ठेवायची. कारण दिलं सायबर गुन्हे रोखण्याचं, आणि ते कारण खोटं नाही. ऑनलाइन फसवणुकीत आमच्याही ओळखीतल्या माणसाचे पैसे गेलेत. पण मावशीने प्रत्येक पत्राची वही ठेवली आणि मागितली की दाखवली, तर मावशीचा उपयोग काय? एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले. पुण्यातल्या एका छोट्या होस्टिंग कंपनीने या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मोठ्या कंपन्या निघून गेल्या आणि भांडायला उभी राहिली ती पुण्याची छोटी, हे मला आवडलं. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत तर दंडाधिकाऱ्यांनी आदेश काढून काही काळ व्हीपीएनवर बंदीच घातली होती. म्हणून सीमेवर राहणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात कोणते आदेश निघतात यावर डोळा ठेवलेला बरा.

आता विरुद्ध बाजू. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला, तेव्हा १४ तारखेला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना, शिंदे आणि बोम्मई यांना, समोर बसवलं. बैठकीनंतर शहांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावाने बनावट ट्विटर खाती उघडून आग लावली गेली. आपण सीमेवरचे लोक, आपल्याला हे सगळ्यात आधी भाजतं. बेळगावसारखा खटला आपल्या नावावर नाही, पण एक खोटा मेसेज पुरतो. तेव्हा "लपता आलं की लोक काहीही लिहितात" हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त दोन गोष्टी वेगळ्या धरा. दुसऱ्याचं नाव चोरून बोलणं ही लबाडी. स्वतः काय वाचतो ते कुणाला न सांगणं हा आपला अधिकार. आणि मी हा लेख स्वतःच्या नावाने टाकते आहे.

आपली खरी अडचण याहून वेगळी आहे, आणि ती फक्त भाषिक अल्पसंख्याकांनाच येते. आपल्याला लपून चालत नाही. आपण दिसलोच नाही तर कलम ३५०-अ कुणासाठी वापरायचं? शाळेत मराठी मागायची तर किती पोरं आहेत हे दाखवावं लागतं. म्हणजे आपल्याला मोजलं जायला हवं, आणि मोजलं गेलेल्याच्या मागे कुणी लागायला नको. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात, आणि हे सरकारनेच करून दाखवलंय. १९४८ च्या जनगणना कायद्यातलं कलम १५ बघा. जनगणनेत दिलेली तुमची वैयक्तिक माहिती कुणाला पाहायला मिळत नाही, आणि कोर्टात ती पुरावा म्हणून तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. आकडा जगाला दिसतो, माणूस दिसत नाही. २०२७ ची जनगणना डिजिटल होणार आहे, स्वतः माहिती भरायची सोयही असणार आहे. तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात घरी बोलता ती भाषा बिनधास्त लिहा. हिंदी लिहायची सवय लागली म्हणून हिंदी लिहू नका. तिथे व्हीपीएनचं काम नाही.

सरकारचा कायदा कागदावर जेवढं जपतो, तेवढंही आपल्या संघटनेने जपलं नाही, हे मला टोचतं. पुढच्या सह्यांसाठी माझी सूचना साधी आहे. फोटो काढायचे नाहीत. मोबाइल नंबर सहीच्या कागदावर घ्यायचाच नाही. अर्जाला नाव आणि सही पुरते, नंबर हवेतच तर ते वेगळ्या वहीत आणि ती वही एकाच माणसाच्या घरी. ग्रुपवर फक्त आकडा टाकायचा: अमुक गावात इतक्या सह्या. गूगल फॉर्म वापरायचा तर त्याचा तक्ता "लिंक असलेला कुणीही बघेल" असा उघडा सोडायचा नाही. मागच्या वेळी तो तसाच होता, मी स्वतः बघितलाय. ज्याने सही केली त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव कुठेही छापायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. आणि काम झालं की यादी जाळायची किंवा पुसायची. कोण पुसणार ते आधी ठरवायचं.

काही ज्येष्ठ म्हणतील, आम्ही आंदोलनं केली तेव्हा नाव छातीवर लावून फिरलो, ही पोरं भित्री. त्यांचं म्हणणं मी मानते, पण त्यांनी आपलं नाव स्वतः छातीवर लावलं होतं. त्या काकांचं नाव आम्ही लावलं, त्यांना न विचारता.

पुढच्या रविवारी वारासिवनीला बैठक आहे. तिथे मी हे मांडणार आहे, जमेल त्यांनी या. काकांचं नाव मी मूळ कागदावरून खोडलं, फोटोतून ते खोडता येत नाही. ज्यांच्या फोनमध्ये "आजची कमाई"वाले फोटो अजून असतील, त्यांनी हा लेख बंद केल्यावर आधी ते पुसा.